डॉक्टर पेनिमनांचा पूल

आमच्या लोवेट गावात नदीपलीकडे निघालेला माणूस ‘पुलावरून जातो’ म्हणत नाही, ‘डॉक्टरवरून जातो’ म्हणतो. बाहेरगावच्या कुणी ऐकलं की तो हसतो. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. डॉक्टर असाहेल पेनिमन जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांना पाहिलेली माणसंही आता थोडीच उरलीत. मी त्यांतली एक. म्हणून म्हटलं, आठवतंय तोवर सांगून टाकावं.

माझं नाव लोविना स्टॉडर्ड. हंटून नदीच्या पश्चिम काठावर आमचं शेत. गाव सगळं पूर्वेला. चर्च, गिरणी, दुकान, शाळा आणि डॉक्टरांचं घरही तिकडेच. पश्चिमेला आमची मोजकी घरं, मेंढ्या, मेपलची झाडं आणि दगड. दगड मात्र भरपूर. माझ्या लहानपणी नदी ओलांडायला एकच सोय होती, गॅड हर्लबटची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी नाव. या काठावर एका खांबाला पत्र्याचा लांब कर्णा टांगलेला असे. तो फुंकला की पलीकडून गॅड कुरकुरत बाहेर येई आणि दोरखंडाला धरून आपली सपाट नाव इकडे आणी. हिवाळ्यात नदी गोठली की लोक बर्फावरून चालत जात. अडचण यायची ती मधल्या दिवसांत. बर्फ फुटायला लागला की नाव चालत नसे आणि पाऊलही टाकता येत नसे. तेवढे दिवस आम्ही पश्चिमेकडचे देवाच्या हवाली.

डॉक्टर तरुणपणी खालच्या प्रदेशातून एका करड्या घोडीवर बसून आले, खोगिराच्या दोन्ही बाजूंना औषधांच्या चामडी पिशव्या. एक हिवाळा काढतील आणि पळतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. उंच, थोडे पोक काढून चालणारे, कान मोठे, आणि आवाज असा की त्यांच्या आईने त्यांना पाद्री करायचं ठरवलं होतं. त्याच वर्षी खालच्या गावात देवीची साथ आली. डॉक्टरांनी चर्चमध्ये सगळ्यांना बोलावून टोचून घ्या म्हणून सांगितलं. कुणी पुढे येईना. तेव्हा गिरणीवाल्या बॅस्कमांची मुलगी इलेक्टा उठली आणि सगळ्यांसमोर बाही वर करून उभी राहिली. टोचताना डॉक्टरांचा हात थरथरला, असं गावातल्या बायका सांगत. इलेक्टाबाई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, “थरथरला बिरथरला काही नाही. चर्चमध्ये शेगडी नव्हती.” पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. देवी लोवेटमध्ये आली नाही.

आता माझ्या जन्माचं सांगते. ते मला वडिलांनी कधी सांगितलं नाही. आमच्या शेजारच्या कीझाया मावशीने सांगितलं, आणि पुढे डॉक्टरांनी थोडं.

मार्च संपत आला होता. बर्फ फुटून नदी गडगडत होती, गॅडने नाव काठावर ओढून उलटी घातली होती. माझी आई फिल्युरा, तिचे दिवस अजून भरले नव्हते, पण सकाळीच कळा सुरू झाल्या. कीझाया मावशीने बरीच बाळंतपणं केलेली. तिने पोटावर हात ठेवला आणि वडिलांना बाजूला घेऊन म्हणाली, “अमासा, पोर उलटं आहे. डॉक्टर आण.”

वडील धावत काठावर गेले आणि कर्णा फुंकत राहिले. गॅड बाहेर आला, त्याने काय ते ओळखलं आणि डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, नाव पाण्यात घाल. गॅड म्हणाला, घालणार नाही. नदीतून घराएवढाले बर्फाचे तुकडे जात होते. “तिकडे एक जीव जाईल की वाचेल ते देवाला माहीत,” गॅड म्हणाला, “पण नाव घातली तर आपण दोघं जाणार हे मला माहीत आहे.” डॉक्टरांनी त्याच्याशी वाद घातला नाही. एक फळी उचलली आणि ती पुढे टाकत बर्फावरून निघाले. थोडंच अंतर गेले आणि कमरेपर्यंत आत. गॅडने लांब आकड्याने त्यांचा कोट पकडून त्यांना बाहेर ओढलं.

त्या ठिकाणी नदी दोन कातळांमधून जाते. पात्र अरुंद आहे, म्हणूनच गॅडची नाव तिथे चाले. डॉक्टर ओल्या कपड्यांनिशी कातळावर चढले. गॅडच्या घरीही एक कर्णा होता, तो त्यांनी तोंडाला लावला आणि ओरडून विचारलं, काय दिसतंय? वडील धावत घरी गेले, मावशीला विचारलं, धावत परत आले आणि ओरडले, “पाय!”

“ओढू नका!” डॉक्टर ओरडले. “तिला सांग, ओढू नका. गरम फडक्यात गुंडाळा आणि थांबा.”

वडील पुन्हा धावले. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. डॉक्टर एकेक गोष्ट सांगत, साध्या शब्दांत, दोनदा सांगत, आणि वडील तीच पुटपुटत चिखलातून पळत. आता खांदे सुटू द्या. आता पोराचे पाय धरून आईच्या पोटाकडे उचला, हळू. मावशी म्हणायची, “माझे हात होते गं, पण अक्कल नदीपलीकडून येत होती.” मी जन्मले तेव्हा निळी पडले होते. पुढचा निरोप येईपर्यंत मावशी थांबली नाही, तिने माझ्या तोंडाला तोंड लावून फुंकर मारली. मी रडले. वडिलांनी दारातून ते ऐकलं आणि काठाकडे पळत जाऊन सांगितलं. पलीकडे गॅडने टोपी काढून हवेत उडवली म्हणतात.

पण आईचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर ओरडत राहिले. पोट मुठीने दाबा, चोळा, पोराला छातीशी लावा. मावशीने सगळं केलं. दुपार कलताना डॉक्टरांचा आवाज बसला, तेव्हा गॅडने कर्णा घेतला. डॉक्टर त्याच्या कानात सांगत आणि गॅड ओरडे. संध्याकाळच्या सुमाराला वडील पुन्हा काठावर आले. या वेळी ते धावत आले नव्हते. काही ओरडले नाहीत. टोपी हातात घेऊन नुसते उभे राहिले. डॉक्टर कातळावर खाली बसले ते गॅडने उठवीपर्यंत उठले नाहीत.

नदी मोकळी झाल्यावर पहिल्या नावेने डॉक्टर आमच्याकडे आले. तोवर आईला पुरलं होतं. त्यांनी मला तपासलं, कीझाया मावशीचे दोन्ही हात हातात घेतले आणि वडिलांना म्हणाले, “अमासा, मी यायला हवं होतं.”

वडील म्हणाले, “तुम्ही आला होता, डॉक्टर.”

यापलीकडे त्या दोघांत या विषयावर कधी बोलणं झालं नाही. माझे वडील मितभाषी होते. पण त्यांचं ते एवढं वाक्य डॉक्टरांना आयुष्यभर पुरलं, असं इलेक्टाबाईंनी मला सांगितलं होतं.

पुढच्या मार्चच्या गावसभेत डॉक्टर उठले आणि म्हणाले, नदीवर पूल पाहिजे. सभेने नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही म्हटलं. पूर्वेकडच्यांना वाटे, पलीकडच्या मूठभर घरांसाठी आम्ही का राबावं? डीकन पेलेग थ्रॉल म्हणजे चर्चमधले वजनदार गृहस्थ. ते म्हणाले, “देवाने नदी तिथे ठेवली ती काही उगाच नाही.” डॉक्टर पटकन म्हणाले, “देवाने केसही दिलेत, डीकन. ते आपण कापतोच की.” डीकनांच्या डोक्यावर एक केस नव्हता. सभा खदखदून हसली, आणि डॉक्टर कानापर्यंत लाल झाले, कारण त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं. व्हायचं ते झालंच. डीकन आणि त्यांचे सगळे सोयरे पुलाच्या विरोधात गेले.

त्या दिवशी घरी जाऊन डॉक्टर जेवले नाहीत. इलेक्टाबाईंना टेकडीवरचं पाइनचं रान त्यांच्या वडिलांकडून मिळालं होतं. जुनी, सरळ, जहाजाच्या डोलकाठीला शोभतील अशी झाडं. ती त्यांनी म्हातारपणासाठी राखली होती. त्या म्हणाल्या, “लाकूड माझ्याकडे आहे.”

डॉक्टर म्हणाले, ते तुझ्या वडिलांचं आहे.

“वडील कशाला बघायला येणार आहेत? झाडं माझ्या बापाची, राबणार तुम्ही, आणि उद्या नाव कुणाचं होईल सांगा.”

“नदीचं,” डॉक्टर म्हणाले.

“तेच म्हणते मी. निदान कुणी भांडायचं नाही.”

डॉक्टरांनी स्वतःचं नदीकाठचं कुरण विकलं, त्यातून काठांचे दगडी चौथरे झाले. दक्षिणेकडून पूल बांधणारा एक मिस्त्री आणला. मग गावालाही लाज वाटली असावी, अर्धं गाव कामाला आलं. माझे वडील त्या उन्हाळ्यात मेंढ्या मावशीवर सोडून रोज तिथे होते. लाकडी खुंट्या ठोकायचं काम त्यांचं. मी लहान होते. काठावर बसून त्या ठोक्यांचा आवाज ऐकायचा आणि मावशीने दिलेली मक्याची भाकरी खायची, एवढंच आठवतं. वर लाकडी छप्पर आणि दोन्ही बाजूंना फळ्या, म्हणजे बर्फापावसाने लाकूड कुजू नये. बाहेरून पाहिलं तर एक लांबलचक कोठारच नदीवर आडवं ठेवल्यासारखं. डॉक्टरांची एकच अट होती: पूल ओलांडायचे कुणाकडून कधी पैसे घ्यायचे नाहीत.

पूल झाला आणि गॅड हर्लबटचा धंदा बसला. डॉक्टर त्याच्याकडे गेले. हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून पुलाच्या आत बर्फ पसरावा लागतो, दिवे लावावे लागतात. ते काम गावाकडून तुला मिळवून देतो, असं म्हणाले. गॅड म्हणाला, “माझी नाव बुडवलीत, आणि वर हातात फावडं देता?” दार लावून घेतलं. त्यानंतर तो डॉक्टरांशी बोलेना. त्याला फुप्फुसाचा ताप आला तेव्हाही त्याने शेजारच्या गावचा डॉक्टर बोलावला. आमचे डॉक्टर त्याच्या कुंपणापर्यंत गेले, त्याच्या बायकोला काय करायचं, काय नाही, ते बाहेरूनच मोठ्याने सांगितलं आणि परत आले. “ओरडून सांगायची सवय आहे मला,” असं म्हणाले. गॅड बरा झाला. पण बोलला नाहीच.

पुलामुळे आमचं किती काय बदललं ते सांगायला बसले तर पुरणार नाही. मी शाळेत गेले. पश्चिमेकडची पोरं वर्षभर शाळेत जायला लागली, आणि दरवर्षी मार्चमध्ये बर्फ गडगडत असताना डॉक्टरांची घोडी छपराखालून टापा वाजवत यायची. बाळंतपणं झाली, हाडं बसवली, घटसर्प आला आणि गेला. डॉक्टर आले की अडल्या घरी कधी भोपळे ठेवून जात, कधी स्वतः कलम केलेल्या सफरचंदांची पिशवी. आमच्याकडे आले की माझी नाडी बघत आणि पुदिन्याची गोळी देत. माझी तब्येत ठणठणीत असली तरी नाडी बघायचेच. एकदा मी विचारलं, कशाला बघता? तर म्हणाले, “मला ऐकायला बरी वाटते.”

मी मोठी झाले, डॉक्टर म्हातारे झाले. त्यांचे केस पांढरे झाले, पोक वाढलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबेना. नदी कुरणात आली, मग रस्त्यावर आली. आणि एका सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्याने पूल खालून उचलला. मोडला नाही. चौथऱ्यांवरून अलगद सुटला आणि छपरासकट, कोठार प्रवासाला निघावं तसा वाहत निघाला.

मी आणि वडील काठाने धावलो. खाली वळणावर कीझाया मावशीचं कुरण होतं, तिथे पूल एल्मच्या झाडांना अडला आणि हेलकावे खाऊ लागला. त्याच्याही खाली गिरणीचं धरण. तिथवर गेला असता तर काडेपेटीतल्या काड्या झाल्या असत्या. आम्ही हातात एक बारकी दोरी घेऊन उभे होतो, काय करावं सुचत नव्हतं. तेवढ्यात पलीकडून एक नाव पाण्यात येताना दिसली. गॅड हर्लबट. म्हातारा, एकटा. नावेत पूर्वी नाव ओढायचा तो जुना जाड दोरखंड, त्याचं एक टोक पलीकडच्या कातळावरच्या झाडाला बांधलेलं. प्रवाहाने त्याला तिरकं ओढत आमच्या बाजूला आणलं. तो पुलाला धडकला, छपराच्या फळ्यांना धरून वर चढला, आत उतरला आणि दोरखंड मुख्य तुळईला आवळला. मग दुसरा एक दोर आमच्याकडे फेकून ओरडला, “बघत काय बसलात? एल्मला गुंडाळा!”

आम्ही गुंडाळला. मावशीही धावत आली, तिने आपला भार दोरावर टाकला. झाड करकरलं. दोर ताणला जाऊन पाणी झटकू लागला. पूल थोडा सरकला, आणि थांबला.

गॅडला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांची सालं गेली होती. डॉक्टर त्या दिवशी आमच्याच काठाला एका घरी अडकले होते. ते आले, गवतावर बसले, गॅडचे हात मांडीवर घेतले आणि धुऊन फडकी बांधायला लागले. मग डॉक्टरांनी विचारलं, “गॅड, तू का?”

गॅड म्हणाला, “दोर ओला झाला होता. वाळत घालायला आलो होतो.”

डॉक्टर हसले नाहीत. फडकं बांधत राहिले. मग गॅड नदीकडे बघत म्हणाला, “त्या दिवशी मी नाव घातली नाही. बरोबर केलं. आजही तेच करीन. पण बरोबर केलेलंसुद्धा टोचतं, डॉक्टर. इतकी वर्षं टोचतंय.” असं म्हणून त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मान फिरवली.

मी आमच्या घरी गेले, चुलीवरचं मेपलचा पाक घातलेलं गरम दूध आणलं आणि पेला त्याच्या ओठाशी धरला, कारण त्याचे हात बांधलेले होते. तो सगळं प्यायला.

पाणी उतरलं, पण डॉक्टर उमेद हरवून बसले. चर्चबाहेर कुणी विषय काढला तर म्हणत, पाइनचं रान संपलं, कुरण संपलं, आता माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही. ते असं म्हणत तेव्हा ऐकणारे खाली बघत. गावसभा मार्चमध्ये, तिची कुणी वाट पाहिली नाही. कुणी कुणाला बोलावलं तेही मला सांगता येत नाही. जमीन गोठली आणि एका सकाळी कुरणात बैलांच्या जोड्या दिसायला लागल्या. पूर्वेकडच्याही, पश्चिमेकडच्याही. माझे वडील छपरावर चढले आणि स्वतः ठोकलेल्या खुंट्या स्वतःच उलट्या ठोकून काढू लागले. एकेक तुळई सुटी केली, घसरगाडीवर घातली आणि गोठलेल्या नदीवरून वर ओढत नेली.

चौथरे या वेळी उंच करायचे होते. त्यासाठी दगड हवे होते. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या शेताच्या कुंपणाच्या भिंती मोडल्या. आमच्या भागात दगडी कुंपण म्हणजे आजोबा-पणजोबांचा घाम. त्या हिवाळ्यात गावभर मेंढ्या मोकळ्या फिरल्या आणि कुणी तक्रार केली नाही. डीकन थ्रॉलांकडे कुंपण लाकडी होतं. एके दिवशी त्यांच्या गाडीवरून एक भलामोठा घडीव ग्रॅनाइट आला. त्यांच्या घराच्या दारातली पायरी होती ती. डीकन म्हणाले, “हा तळाला लावा.” आणखी काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र पुढे कितीतरी दिवस घरात शिरायला उडी मारत होत्या आणि शेजारणींना सांगत होत्या, “आमचे हे धर्मात फार उंच गेलेत, त्यामुळे घरही उंच झालंय.”

डॉक्टर रोज येत. हातात करवत घेऊन येत. रोज कुणीतरी ती त्यांच्या हातातून काढून घेई. एकदा गॅडनेच घेतली आणि म्हणाला, “तुमचं झालंय देऊन. आता जरा घेऊन बघा. सोपं नाही ते.” डॉक्टर एका ओंडक्यावर बसले. त्यांनी चष्मा काढून कितीतरी वेळ पुसला. नंतर त्यांना इलेक्टाबाईंनी हाताला धरून घरी नेलं.

जूनमध्ये पूल उभा राहिला. उद्घाटनाचा दिवस ठरला. डॉक्टर आणि इलेक्टाबाई पहिल्यांदा पुलावरून जाणार, मग पाद्री भाषण करणार, मग जेवण. दोन्ही काठांना लांब टेबलं मांडली होती. मडक्यातले भाजलेले बीन्स, हॅम, आल्याचा केक. मी निळा झगा घातला होता. पण आदल्या दिवशीच सकाळी डॉक्टरांना पश्चिमेच्या डोंगरातून बोलावणं आलं, आणि ते गाडीघोडीसकट गॅडच्या नावेने पलीकडे गेले. एका लाकूडतोड्याची दोन पोरं घटसर्पाने गुदमरत होती. डॉक्टर गेले ते परतलेच नाहीत. समारंभाच्या दिवशी दुपार झाली, कलली. पाद्रींनी विचारलं, सुरू करायचं का? इलेक्टाबाई म्हणाल्या, “नवऱ्याशिवाय वरात काढता का कधी?” सगळे थांबले. पोरं भुकेने केकचे कोपरे मोडू लागली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पश्चिमेच्या रस्त्यावर डॉक्टरांची गाडी दिसली. घोडी आपल्या चालीने येत होती. लगाम सैल पडला होता. जवळ आली तेव्हा दिसलं, डॉक्टर झोपलेले होते. टोपी मांडीवर, चष्मा एका कानाला लटकलेला, तोंड उघडं. घोडी गर्दी पाहून पुलाच्या तोंडाशी थांबली. कुणीतरी डॉक्टरांना हाक मारायला पुढे झाला. गॅडने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला अडवलं. मग गॅडने जिभेने हलकेच टक असा आवाज केला. घोडीने कान हलवले आणि नव्या फळ्यांवर पाऊल टाकलं.

आम्ही दोन्ही बाजूंना सरकलो. पुरुषांनी टोप्या काढल्या. एवढी माणसं, पोरंसोरं, पण कुणी तोंडातून शब्द काढला नाही. छपराखाली टापांचा आवाज घुमत होता आणि त्यात डॉक्टरांचं घोरणं. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा त्यांचा हात बाहेर लोंबत होता, औषधाचे डाग पडलेला, सुरकुतलेला. मला तो धरावासा वाटला. धरला असता तर ते जागे झाले असते. मग मी नुसती मनात म्हणाले, की तुमच्यामुळे मी आहे. शेजारी वडील उभे होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला.

घोडी पूर्वेच्या काठावर उतरली, टेबलांमधून वाट काढत गेली, आणि चढाच्या रस्त्याने घराकडे वळली. पाद्रींनी भाषणाचा कागद खिशात घातला. आम्ही जेवायला बसलो, आणि इतकं हळू बोलत होतो जणू ते टेबलाखालीच झोपलेत.

पुढचं मला इलेक्टाबाईंनी सांगितलं. त्या मागोमाग घरी पोहोचल्या तर डॉक्टर तबेल्याच्या दारात गाडीतच बसून डोळे चोळत होते. पहिलं वाक्य बोलले ते असं, की दोन्ही पोरं वाचली. मग एकदम आठवलं आणि म्हणाले, “अगं, आज पुलाचा समारंभ ना?”

“झाला,” इलेक्टाबाई म्हणाल्या.

“माझ्याशिवाय? बरं झालं. आणि पहिलं कोण गेलं पुलावरून?”

“होता एक म्हातारा. घोरत गेला.”

डॉक्टरांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते गाडीतच इतके हसले की त्यांना खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, केक काही उरलाय का.